टाकीत उतरण्याआधी

अल मुंतझा, दोहा
नोव्हेंबर २०२१

प्रिय बबीता,

आधी हे सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. धनाजीभाऊ बरे आहेत. कालच त्यांचा डबा रिकामा परत आला. कामावर जातायत, हसतायत, माझी थट्टा करतायत. पण हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे आणि मी ते त्यांच्या अपरोक्ष लिहिते आहे. आमच्या ओळखीचे एक जण सुट्टीवर सांगलीला निघालेत, ते आटपाडीपर्यंत येऊन पाकीट तुझ्या अंगणवाडीच्या मालविका मॅडमकडे देतील. मॅडमना मी फोनवर सांगून ठेवलंय की ते तुझ्याच हातात द्यायचं, घरी पाठवायचं नाही. तुझ्याशी बोलावं म्हटलं तर तुझा फोन असतो सासऱ्यांच्या खिशात, आणि ते समोर बसून ऐकल्याशिवाय बोलू देत नाहीत. मग म्हटलं, आपली मंडणगडच्या शाळेतली मराठी अजून चालते का बघू. एकेकाळी बाई माझं अक्षर वर्गाला दाखवायच्या. आता कांदे चिरून बोटं आखडलीत, तेवढं सांभाळून घे.

आपण अजून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही आणि तरी तुझ्याशी बोलताना मला कधी परकं वाटत नाही, याला कारण तुझी कांदा-लसणाची चटणी. मेसईदच्या कामगार कॅम्पातली आपल्याकडची माणसं माझा डबा खायला लागली तेव्हा मी सगळ्यांना एकच कालवण द्यायचे. मग एकेकाची कुरकुर सुरू झाली. रत्नागिरीच्याला खोबरं हवं, तुमच्या घाटावरच्याला खोबऱ्याचा वास नको. शेवटी मी कंटाळून फर्मान काढलं की सुट्टीवरून येताना ज्याने त्याने आपल्या घरचा मसाला आणून द्यावा. तेव्हापासून ओट्यावर बरण्यांची रांग लागली, प्रत्येकीवर नाव. भाजी एकच, पण फोडणी ज्याच्या त्याच्या घरची. शेजारणी मला वेडी म्हणतात. पण कामावरून आलेला माणूस डबा उघडून आधी नुसता वास घेतो, असं कळलं की माझा शीण जातो.

त्या सगळ्यांत तुझा नवरा सर्वांत खट. एकदा तुझी चटणी संपत आली म्हणून मी पोपटरावांच्या बरणीतली चमचाभर त्यात मिसळली. पोपटराव म्हणजे त्यांचा फोरमन, तोही तुमच्याच भागातला, वाटलं कोणाला कळतंय. संध्याकाळी निरोप आला, ताई, आज बबीता रुसली का. मी कपाळावर हात मारला. असं नाक मी आयुष्यात कोणाचं पाहिलं नव्हतं.

मग ती बिमारी आली. तुमच्याकडे ताटं वाजली तेव्हा इकडे कॅम्पाचं फाटक बंद झालं होतं. टीव्हीवर सारखं सांगायचे की सहा फूट अंतर ठेवा, आणि धनाजीभाऊ ज्या खोलीत राहतात तिथे खाटेवर खाट चढवलेली, वरच्याचा हात खालच्याच्या तोंडावर लोंबायचा. त्यांचा तेल-गॅसचा प्लांट बंद करता येत नव्हता, म्हणून माणसं बंद केली. कंपनीचे गोरे इंजिनियर आणि आपल्यातले मोठ्या पगाराचे साहेबसुद्धा घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायला लागले. ठेकेदाराची माणसं मात्र त्याच बसमध्ये, मांडीला मांडी लावून, कॅम्पातून प्लांटवर आणि प्लांटवरून कॅम्पात. बाजारात जायला बंदी, नमाजाला बंदी, बससाठी तेवढी सूट. आजार काही माणूस बघून येत नाही असं सगळे म्हणायचे. येत नसेलही, पण आल्यावर कोणाच्या घरी किती बसायचं हे त्याला बरोबर कळत होतं.

आमच्या इमारतीतली मंडळी तर एका आठवड्यात बदलली. माझ्या हातचे तळलेले मासे मागून नेणाऱ्या बायकांनी ग्रुपवर लिहिलं की बॅचलर लोकांचे डबे या इमारतीत धुतले जाऊ नयेत. इकडे बायको गावी असलेल्या माणसाला बॅचलरच म्हणतात, मग त्याला नातवंडं का असेनात. नूरैनचे अब्बा, म्हणजे आमचे रहमानसाहेब, तेव्हा मुशैरिबला एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात होते. विमानंच बंद, ते ऑफिस पहिल्या फटक्यात खलास. डबे पोचवणारा ड्रायव्हर कॅम्पात अडकला, म्हणून हेच गाडी घेऊन मेसईदला जायला लागले. कोणी ओळखीचं भेटलं की गाडीतच बसून राहायचे, मान खाली. त्यांचं दुःख मोठं होतं, नाही म्हणत नाही. पण त्या दिवसांत घर चाललं माझ्या शेगडीवर, आणि तरी दोन्ही मुलांची शाळा जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंचं पथ्य, भांडी, फरशी, सगळं माझंच राहिलं. नोकरी त्यांची गेली आणि आराम माझा गेला. एकदा मी बोलले तसं, तर माझा मुलगा अम्मार म्हणाला, मम्मी, डोन्ट शाउट. मी आपली पुन्हा कांदे चिरायला बसले.

धनाजीभाऊंना ताप आला ते तुला आठवत असणार. त्यांना बसमध्ये घालून कुठे नेलं ते कॅम्पात कोणी सांगेना, आणि तू त्यांच्या एका जुन्या मेसेजमधून डब्याचा नंबर शोधून मला फोन केलास. पहिलं वाक्य काय बोललीस माहीत आहे? म्हणालीस, ताई, त्यांचा डबा कुठं जातोय आता? नवरा कुठे आहे असं नाही विचारलंस. मला तिथेच तुझी ओळख पटली. चौकशी करून करून नूरैनच्या अब्बांनी त्यांचा पत्ता लावला, आणि पुढे ते बरे होऊन परतले तेव्हा आपण दोघी फोनवर रडलो. आपल्याला वाटलं, सुटलो. पण बबीता, ते पूर्ण बरे झालेच नाहीत.

मला कळलं ते असं. विमानं बंद असल्याने कोणी सुट्टीवर जाईना, येईना, बरण्या एकामागून एक रिकाम्या झाल्या. मी सगळ्यांना आमच्याकडचा मसाला घालायला लागले, खोबऱ्यासकट. घाटावरची माणसं चिडली, साहजिक होतं. तुझा नवरा मात्र म्हणाला, ताई, आज चटणीचा वास आला आणि बबीताच चुलीपुढं बसल्यासारखी वाटली. मी आधी खूश झाले, बाईमाणूस कौतुकाला भाळतंच. ताट धुताना लक्षात आलं की तुझी बरणी रमजानपासून कोरडी आहे. तरी मी मनाला समजावलं की बिचारा मला बरं वाटावं म्हणून बोलला. मग या उन्हाळ्यात एक दिवस डब्यांची गाडी फाटकावर फार वेळ उन्हात अडकली आणि कोंबडीचं कालवण उतरलं. असा वास सुटला होता की नूरैनचे अब्बा खिडक्या उघड्या टाकून परत आले. जवळजवळ सगळे डबे भरलेले परत आले, सोबत मला चार शब्दही आले. चार डबे मात्र पुसून खाल्लेले होते. त्यातला एक धनाजीभाऊंचा.

मी फोन केला. आधी हसण्यावारी नेलं. मग सांगितलं. तापात नाक गेलं ते पुन्हा आलंच नाही. साबणाचा वास नाही, डिझेलचा नाही, स्वतःच्या घामाचा नाही. जिभेला तिखट-मीठ लागतं, बाकी सगळं जेवण कोमट पाणी. आणि लगेच शपथ घातली की बबीताला सांगायचं नाही, साहेबाला तर मुळीच नाही.

घरात बसणाऱ्याचं नाक गेलं तर दूध उतू गेलेलं कळत नाही, एवढंच. धनाजीभाऊ फिटर आहेत अशा प्लांटवर, जिथे पायपातून कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू निघू शकतो. वास आला की हातातलं टाकून वाऱ्याच्या उलट दिशेला पळा, हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि जास्त झाला तर पळायलाही वेळ मिळत नाही. त्या वायूचं मापन करणारं मीटर असतं. कंपनीच्या माणसांच्या छातीवर प्रत्येकाला एक. ठेकेदाराच्या टोळीला एकच, आणि ते फोरमनजवळ. बाकीच्यांचं मीटर म्हणजे त्यांचं नाक.

त्याच प्लांटवरच्या एका इंग्रज इंजिनियरचंही असंच नाक गेलं होतं. त्याने डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने लिहून दिलं, आणि कंपनीने त्याला दोह्याच्या ऑफिसात टेबल दिलं. आता तो स्क्रीनवर प्लांट बघतो. धनाजीभाऊंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात रागही नव्हता. म्हणाले, त्याचं येगळं हाय ताई. त्यांच्यासाठी डॉक्टरचा कागद निघाला असता तर त्यावर अनफिट एवढंच आलं असतं, आणि त्याच्यामागून विमानाचं तिकीट. मला राग येतो तो त्या 'येगळं हाय'चा. तेही सांगतात आणि आपण माना डोलावतो.

तू म्हणशील, मग मला तेव्हाच का नाही कळवलंस. कारण तुझ्याकडचं मला माहीत होतं. आठवतंय ना, शेतातून चोरून फोन केला होतास, मागे पंपाचा आवाज येत होता. जियाची शाळा फोनवर आली आणि घरातला एकमेव स्मार्टफोन तिच्या भावाला मिळाला, मुलगी मैत्रिणीच्या घरी जाऊन वह्या उतरवून आणते, हे सांगितलंस. मग मामंजींनी काढलेलं स्थळ सांगितलंस. जिया अजून पंधराचीही पुरती नव्हती. म्हातारा म्हणत होता की आत्ता पन्नास माणसांत लग्न उरकतं, मांडव नाही, जेवणावळी नाही, पुन्हा अशी सोय येणार नाही. गावातल्या तिच्या वर्गातल्या कितीतरी पोरी तशाच गेल्या म्हणालीस. तू धनाजीभाऊंकडून शब्द घेतलास की काही झालं तरी तिथून हलू नका, तुमचा पैसा येतोय तोवर म्हातारा मला दबून आहे, जियाची बारावी होऊ द्या. त्या माणसाने तो शब्द असा धरलाय की विचारू नकोस. म्हणून मी तोंड शिवून बसले. एका पोरीची शाळा एका बापाच्या नाकावर उभी आहे, त्यात मी कोण मधे पडणारी, असं वाटलं.

आता शटडाऊन येतोय. थंडी पडली की प्लांटचा एकेक भाग बंद करून टाक्या उघडतात आणि तळाला साचलेला गाळ माणसं आत उतरून खरवडतात. त्या गाळात तो वायू दबून असतो, फावडं लागलं की सुटतो. गेल्या आठवड्यात धनाजीभाऊंनी मोठ्या आनंदात सांगितलं की पोपटरावांनी त्यांना टाकीच्या टोळीत घेतलं, ओव्हरटाइम चांगला मिळेल, जियाला स्वतःचा फोन घेता येईल. सोबत कोण कोण आहे विचारलं तर त्यांनी तिघांची नावं सांगितली. बबीता, मी ती नावं त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतली. त्या दिवशी कोंबडीचं नासकं कालवण पुसून खाणारे चार डबे मी धुतले होते. ही तीच चार नावं होती.

मी स्वतःला म्हटलं, योगायोग असेल. पोपटरावांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, कळलं तर आपणच बदलतील. वाईट माणूस नाही तो, नमस्कार केल्याशिवाय बोलत नाही, आजारपणात कॅम्पातल्या पोरांना स्वतः काढा करून पाजला होता. वर कंपनीत तक्रार करावी तर नाव धनाजीभाऊंचं द्यावं लागणार, आणि चौकशी झाली तर तेच छातीवर हात ठेवून सांगणार की मला सगळे वास येतात. तेव्हा पोपटरावांनाच कानात सांगावं असं ठरवून शुक्रवारी मी नूरैनच्या अब्बांबरोबर मेसईदला गेले. बाईला कॅम्पात सोडत नाहीत, म्हणून फाटकाबाहेर गाडीत बसून राहिले. समोर प्लांटची ज्योत पेटलेली, वाऱ्याला तो वास थोडाथोडा येत होता, आणि फाटकाजवळची माणसं नाकाला रुमाल लावून उभी होती. डबा घ्यायला पोपटराव आले. मी काच खाली केली आणि सांगून टाकलं.

आता ऐक, हे पत्र मी ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते. पोपटराव शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय की ताई. म्हनून तर त्यास्नी घेतलंय. नाकाची मानसं जरा वास आला की वर पळत्यात, मीटर मागत्यात, कामाचं वाटोळं हुतंय. ही चौघं खाली टिकत्यात." मग म्हणाले की वरून तारीख ठरून आली आहे, त्यात टाकी झाली नाही तर त्यांचीच नोकरी जाईल, आणि जबरदस्ती कोणावर नाही, चौघांनी आपण होऊन हात वर केले. डबा घेताना त्यांनी मला शुक्रिया म्हटलं. मी परतताना धनाजीभाऊंना फोन करून सगळं सांगितलं, रडले, ओरडले. ते म्हणाले, इन्शाल्ला काही होत नाही ताई, असं माझ्याच भाषेत मला समजावलं, आणि म्हणाले की बबीताला शब्द दिलाय. बघ बबीता, माझं ते ऐकणार नाहीत, फोरमनला हवेत तसेच ते आहेत, आणि कंपनीला त्यांचं नावही ठाऊक नाही. त्यांना तिथून काढू शकेल असं जगात एकच माणूस आहे. मी काय मागते आहे ते मला समजतंय. मीही मुलीची आई आहे. ते परत आले तर पैसा थांबेल आणि म्हातारा दुसऱ्याच दिवशी स्थळ घेऊन उभा राहील. पण बाप घरात असेल तर नाही म्हणायला एक माणूस तरी असेल. बाप पेटीतून आला तर जियाचं लग्न ते तेराव्यानंतर महिन्याच्या आत उरकतील आणि तुझ्याकडे कोणी बघणारही नाही. हे लिहिताना माझा हात झडायला हवा होता, पण कोणीतरी तुला सांगायलाच हवं. शब्द तू घेतलास, त्यातून तूच त्यांना मोकळं कर. नीट कारण सांगत बसू नकोस, ते तुला समजावून गप्प करतील. मालविका मॅडमच्या फोनवरून लाव, घरी या, एवढंच म्हण, आणि ते हो म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस. टाकी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उघडणार आहे.

तुझीच,
तय्यबा